'स्लॅब, 12 दिवस'

दुबईत प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून मी बनवलेल्या पहिल्या वेळापत्रकात एक ओळ होती: 'चौथ्या मजल्याचा स्लॅब, 12 दिवस'. आमचे केरळचे वरिष्ठ ती ओळ वाचून म्हणाले, "आठव्या दिवशी आपण मागे आहोत की पुढे, हे यावरून कळेल?" कसलं कळतंय! पुण्याला मुकादम "होतंय साहेब" म्हणायचा आणि तेवढ्यावर भागायचं.

मग त्या एका ओळीच्या सात झाल्या. सेंट्रिंग, सळई, विजेचे पाइप नि स्लीव्ह (पाइप आरपार जायला ठेवलेल्या नळ्या), कन्सल्टंटची तपासणी, काँक्रीट, क्युअरिंग (म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं), टेकू काढणं. प्रत्येकीचा धनी एकच आणि ती संपली की नाही, यावर वाद होऊ नये.

यातल्या ज्या दोन मला सुचल्याच नव्हत्या, त्या कुणी घाम न गाळण्याच्या. तपासणीची नोटीस आमच्या साइटवर 24 तास आधी द्यावी लागते, क्युअरिंगला दिवस लागतातच. 1957 च्या सुमारास ड्यू पाँटच्या कामातून क्रिटिकल पाथची पद्धत निघाली, म्हणजे एकमेकांवर अवलंबून कामांची सगळ्यात लांब साखळी शोधायची, कारण इमारत कधी संपणार ते तीच ठरवते. त्या वाटेवर अशी नुसती वाट पाहणंही बसतं आणि सगळी इमारत अडवतं.

शिवाय प्रत्येक अ‍ॅक्टिव्हिटीला, म्हणजे अशा प्रत्येक ओळीला, प्रिमावेरा या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिला लागू पडेल असं कॅलेंडर द्यावं लागतं. क्युअरिंगला सुट्टी नसते, तपासनीसाला असते. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला कायद्यानेच बंदी, त्यामुळे सळईची जानेवारीतली गती जुलैत धरायची नाही. काँक्रीट तर तेव्हा आम्ही रात्रीच ओततो. (रात्री दोनलाही शर्ट पिळून घ्यावा लागतो, ते वेगळं.)

गेल्या महिन्यात साताऱ्याहून दादाचा फोन. घराचा स्लॅब पडला, नारळ फुटला, पेढे वाटले. "झालं एकदाचं!"

"विजेचे पाइप टाकले ना रे आधी?"

पलीकडे शांतता. मग, "वायरमन उद्या येणार होता."

आता छत टाचायला लागणार. मी विषय बदलला, पाणी किती दिवस मारणार म्हणून विचारलं. तो म्हणाला, "तीन." दहा दिवस मार म्हटलं, उन्हाळा आहे. आई रोज संध्याकाळी पाइप धरून गच्चीवर उभी असते. तिच्या नावाने ती ओळ मी वहीत लिहून ठेवली आहे.