मलायन शिंगवाला बेडूक : रंगापेक्षा आकाराची करामत

बोर्निओतील सारावाकमध्ये कुबा नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे रात्री ओढ्याकाठी टॉर्च घेऊन फिरणाऱ्यांना जो बेडूक पाहायचा असतो, तो कधीकधी त्यांच्या बुटापासून हातभर अंतरावर बसलेला असूनही दिसत नाही. पेलोबॅट्रॅकस नॅसुटस हे त्याचे शास्त्रीय नाव. मलाय द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओ येथील वर्षावनांत तो जमिनीवरच्या पालापाचोळ्यात राहतो. त्याच्या कुळातले बेडूक भारतात ईशान्येकडे आढळतात, सह्याद्रीत मात्र नाहीत.

तपकिरी रंगामुळे तो लपतो, एवढेच म्हणणे मला अपुरे वाटते, कारण तपकिरी बेडूक तर कितीतरी आहेत. बेडूक नजरेत भरतो तो त्याच्या गोल डोळ्यांमुळे आणि शरीराच्या गोलाईमुळे, आणि नेमक्या याच दोन गोष्टी इथे मोडून टाकलेल्या आहेत. दोन्ही पापण्या पुढे ओढल्यासारख्या टोकदार झाल्यामुळे वरून पाहताना डोळा त्यांखाली झाकला जातो, नाकाच्या शेंड्यावर तिसरे टोक असते आणि पाठीवरून मागे जाणाऱ्या बारीक कडा पानाच्या शिरांसारख्या दिसतात. या शिंगांत हाड नसते, ती नुसती त्वचेची असतात.

अशा सोंगाला हालचाल परवडत नाही. त्यामुळे हा बेडूक भक्ष्याच्या मागे धावत नाही. एका जागी बसून राहतो आणि जवळून जाणारे मोठे कीटक, विंचू, खेकडे, गोगलगायी, क्वचित दुसरे बेडूकही, आपल्या रुंद जबड्यात पकडतो. मादी सुमारे बारा सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर बराच लहान असतो. ओढ्याजवळ बसलेल्या नराची हाक मोठी आणि धातूवर घाव घातल्यासारखी असते, पण ती ऐकूनही तो सापडेलच असे नाही.

टॅडपोलची तऱ्हा आणखी वेगळी. मादी ओढ्यालगतच्या दगडांच्या किंवा ओंडक्यांच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवते आणि त्यांतून निघालेली पिल्ले संथ पाण्यात राहतात. त्यांचे तोंड वरच्या बाजूला वळलेले, नरसाळ्यासारखे पसरट असते आणि त्यात शेवाळ खरवडायला लागणारे कठीण दात नसतात. तोंड पृष्ठभागाला लावून, बाकीचे शरीर खाली तिरके लोंबकळत ठेवून, ती पाण्यावर तरंगणारे बारीक कण आत ओढून घेतात.