पाकोळीघरासाठी जागेची पारख : तेलुक इंतान परिसर, नोंद दुसरी

मलेशियाच्या पेराक राज्यात सितियावान ते तेलुक इंतान या सखल पट्ट्यात पाकोळीघरासाठी जागा बघणं चालू आहे. पाकोळीघर म्हणजे पाकोळ्यांनी आत फळ्यांवर लाळेची, खाण्यासाठी विकली जाणारी घरटी करावीत म्हणून बांधलेली काळोखी इमारत. नकाशावरची चाळणी पहिल्या नोंदीत झाली. या वेळी संध्याकाळची मोजणी, आवाजाची चाचणी आणि माती. घरातला दमटपणा, उजेड, फळ्यांची मांडणी हे सगळं इमारत उभी राहिल्यावरही दुरुस्त करता येतं. पाखरांची वाट आणि पायाखालची माती मात्र बदलत नाही, त्यामुळे सगळा वेळ याच दोन गोष्टींवर घालवलेला बरा.

मोजायच्या आधी पक्षी ओळखता यायला हवा. आपल्याला हवी ती पांढरं घरटं करणारी पाकोळी, म्हणजे एरोड्रॅमस फ्युसिफॅगस. अंगावर सगळा मातकट तपकिरी रंग, शेपटीला अगदी उथळ खाच. त्याच थव्यात पांढऱ्या पोटाची छोटी पाकोळी हमखास असते. तिचं घरटं शेवाळ आणि काडीकचऱ्याचं, बाजारात त्याला किंमत नाही. पांढऱ्या कमरेची घरपाकोळी आणि ताडावर राहणारी ताडपाकोळीही आकाशात मिसळलेल्या असतात. दुर्बीण न वापरता मोजलेला आकडा म्हणूनच फुगलेला निघतो. पक्की खूण अंधारात मिळते : आपली पाकोळी काळोख्या खोलीत किट्-किट् असा आवाज काढत, त्याच्या पडसादावर वाट काढते. पांढऱ्या पोटाच्या पाकोळीला ते जमत नाही.

मोजणी सूर्यास्ताच्या दीड तास आधी सुरू करायची. प्लॉटच्या मधोमध उभं राहून दर १० मिनिटांना किती पाखरं, कोणत्या दिशेकडून कुठे, किती उंचीवर, हे लिहायचं. उंचावरून सरळ रेषेत जाणारी पाखरं घरी निघालेली असतात. खाली गिरक्या घेणारी चरत असतात. दोन्ही वेगळी मांडायची, कारण दोन्हीचा अर्थ वेगळा. परतीची दिशा कळली की प्रवेशखिडकीचं तोंड ठरतं, आणि त्या बाजूला निदान ३० मीटर अंतरापर्यंत उंच झाड किंवा विजेची तार नको.

मग आवाजाची चाचणी, म्हणजे पाकोळ्यांची मुद्रित साद वाजवून त्या जवळ येतात का ते पाहणं. ४ ते ५ मीटरचा पाइप, त्यावर चार दिशांना चार ट्वीटर (बारीक आवाजाचे छोटे, जाळीचे स्पीकर), यूएसबी घेणारा छोटा अँप्लिफायर आणि १२ व्होल्टची बॅटरी, एवढ्यात भागतं. आधी १० मिनिटं गप्प राहून मोजणी, मग २० मिनिटं साद, मग पुन्हा १० मिनिटं शांतता. पाखरं वळून वर घोटाळली तर ती नुसती दखल. ट्वीटरपासून हातभर अंतरावर येऊन पंख फडफडवत क्षणभर थबकली, तोंड थेट जाळीकडे, तरच तो खरा प्रतिसाद. तसं करणारी बहुतेक कोवळी, अजून जागा न ठरलेली पाखरं असतात. जोडी जमलेली पाकोळी आपलं घर सहजी सोडत नाही. म्हणूनच वरून शेकडो गेली तरी हुरळून जायचं कारण नाही. किती गेली आणि त्यातली किती ट्वीटरपाशी उतरली, हे प्रमाण पाहायचं.

एका संध्याकाळवर निर्णय नको. पाऊस यायच्या बेतात किडे खाली उतरतात, त्यांच्यामागे पाखरंही उतरतात, आणि वाईट जागाही चांगली वाटते. किमान तीन कोरड्या संध्याकाळी, वेगवेगळ्या आठवड्यांत. रोज रोज वाजवलं तर पाखरांना सवय होते आणि प्रतिसाद मंदावतो.

शेजारची पाकोळीघरंही याच वेळी बघून घ्यायची. जुनं, भरलेलं घर जवळ असेल तर त्यातली नवी पिल्लं जागा शोधत बाहेर पडतात, ते आपल्या फायद्याचं. पण चारपाच घरांतून मोठ्याने साद चालू आहे आणि खिडकीतून आत कुणीच शिरत नाही, असं दिसलं तर तो भाग सोडून द्यावा.

खाद्याचा विचार वर्षभराचा हवा. या पट्ट्यात सेबरांग पेराकची भातशेती, पेराक नदी, मुखाकडचं खारफुटीचं जंगल आणि तेलताडाचे मळे असं सगळं हाताशी आहे. भात कापल्यावर किडे उसळतात, फवारणीनंतर एकदम ओसरतात. तेव्हा नदी आणि खारफुटीच पोसते. नुसत्या भाताच्या भरवशावरची जागा म्हणून दुय्यम. तेलताडाच्या मळ्यात आणखी एक गोष्ट विचारायची : उंदरांच्या बंदोबस्तासाठी लावलेल्या गव्हाणी घुबडांच्या पेट्या कुठे आहेत? ५ ते १० हेक्टरांमागे एक, अशा त्या लावलेल्या असतात. हे घुबड रात्री प्रवेशखिडकीतून आत शिरलं की पाखरं घर सोडतात. पेटी दिसेल इतकी जवळ असेल तर जागा बाद.

माती हा इथला सगळ्यात मोठा धोका. तेलुक इंतानचा १८८५ सालचा मनोरा मऊ जमिनीमुळेच कलला आहे. हाताच्या गिरमिटाने प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये, निदान दोन मीटर भोक घ्यायचं. राखाडी, चिकट चिखल निघाला तर खांब ठोकून काम होतं. काळपट, तंतूंचा लगदा निघाला, मुठीत पिळल्यावर चहासारखं पाणी गळलं, तर ते पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची दलदलीतली माती. आजूबाजूच्या मळ्यांनी चर खणून पाणी उतरवलं की पीट आक्रसतं आणि जमीन खचते. पायात ठोकलेली खारफुटीची लाकडं पाण्याखाली असेपर्यंत टिकतात, पाणी उतरलं की वरची टोकं कुजतात. भिंतीला बोटभर चीर पडली तरी आत उजेड जातो, दमटपणा बाहेर जातो. २६ ते २९ अंश आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता मग काही केल्या टिकत नाही.

२० बाय ६० फुटी इमारतीला चारही बाजूंनी १५ फूट मोकळी जागा धरली तर प्लॉट ५० बाय ९० फूट हवा. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन आखूड भिंतींवर येतं.

कागदांत जमिनीच्या दाखल्यावरचा ‘शारात न्याता’, म्हणजे वापराची अट, शेतीची आहे ना आणि जमीन मलय राखीव (फक्त मलय लोकांसाठी राखलेली) तर नाही ना, हे आधी बघा. नगरपालिकेची परवानगी आणि पशुवैद्यकीय विभागाची नोंदणी वेगळी. शहरातलं जुनं दुकान घेऊन त्यात पाकोळ्या आणायचा मोह टाळावा. पेनांगमधल्या जॉर्ज टाउन शहराला २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यावर तिथल्या पाकोळीघरांना हलावंच लागलं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक कळकळीची विनंती. वेंगुर्ल्याच्या खडकांवरच्या पाकोळ्या वेगळ्या जातीच्या आहेत आणि कायद्याने संरक्षित आहेत. त्यांच्या जवळपास ही साद वाजवू नका, घरट्यांना हात लावू नका.

आजवर नदीकाठचा प्लॉट प्रतिसादात चांगला ठरला, मातीत चिखल निघाला. मळ्याकडचा पीटमुळे बाद. आता नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसात नदीकाठी पाणी किती चढतं ते बघायचं, त्यासाठी कोपऱ्यात सेंटिमीटरच्या खुणा केलेला बांबू रोवला आहे.