तुम्ही विचारलंत म्हणून: साठीनंतर चेहऱ्याला काय लावायचं?

तुळशीचं लग्न जवळ आलं की हा प्रश्न हमखास येतो. इंदूरच्या रामबागेतल्या काकू असोत नाहीतर सुदामा नगरातले काका, सूर एकच: "घरात लग्न आहे, वय 62 झालं, चेहरा फार थकलेला दिसतो. काय लावू?"

लावण्याकडे येतोच, पण जरा उशिरा. लग्नाच्या हॉलमध्ये दहा पावलांवरून कुणाच्या सुरकुत्या दिसत नाहीत. दिसतं ते खुर्चीचे हात धरून उठणं, उठल्यावर सावरायला थांबणं, घासत टाकलेलं पाऊल आणि पुढे आलेली मान. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. मांड्यांना त्याची झळ आधी लागते. वजनकाट्यावर ते कळत नाही, कारण गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेते आणि आकडा तोच राहतो.

म्हणून आधी एक खुर्ची घ्या. हात नसलेली, साधारण 17 इंच उंचीची, मागून भिंतीला टेकवलेली. दोन्ही हात छातीवर आडवे ठेवा आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. 60 ते 64 वयात बाईला 12 आणि पुरुषाला 14 वेळा जमायला हवं. 65 ते 69 मध्ये 11 आणि 12. त्याहून कमी भरलं तर पाय कच्चे पडलेत. हात टेकावेच लागले तर शून्य धरायचं. इथे कुणी नातवाला घड्याळ लावायला सांगून तीन-चार उठाबशा जास्त मोजून घेतात, ती लबाडी स्वतःशीच.

हीच चाचणी पुढे व्यायाम होते. खुर्चीच्या पुढच्या काठाशी या. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे ओढा, दोन पावलांत वीतभर अंतर ठेवा. आता छाती पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे, आणि टाचांवर जोर देत उठा. उठताना श्वास सोडा. बसताना मनात एक-दोन-तीन-चार मोजत हळू खाली या. खरी कमाई या खाली येण्यात आहे आणि नेमकं तेच बहुतेक जण धप्पकन बसून घालवतात. आठ वेळा केलं की दीड-दोन मिनिटं थांबा, मग परत आठ. सोमवार, बुधवार, शुक्रवार पुरे, कारण मधल्या दिवशी स्नायू भरून येतो. दहा-दहाच्या तीन फेऱ्या सहज व्हायला लागल्या की दोन्ही हातांत पाण्याची एकेक लिटरची बाटली धरा.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. पावलं पुढे राहिली तर उठायला झटका द्यावा लागतो आणि तो कंबर सोसते. गुडघे आत कलले तर गुडघा दुखतो, आणि दोष मात्र व्यायामाला लागतो. मांड्यांना सैलसर ओढणी बांधून ती उठता-बसता किंचित ताणलेली ठेवली की गुडघे आपोआप बाहेर राहतात. गुडघा मुळातच दुखत असेल तर बैठकीवर जाड उशी घालून उंची वाढवा आणि दर आठवड्याला ती थोडी कमी करा. श्वास रोखू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो. छातीत दुखत असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टर, मग खुर्ची.

पहिल्या तीन आठवड्यांत जो फरक वाटतो तो मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम सुधारल्याचा. मांडी भरलेली दिसायला दोन-तीन महिने लागतात. मेघदूत बागेत रोज पाच फेऱ्या मारणाऱ्यांना हे पटत नाही. चालणं हृदयासाठी उत्तमच, आठवड्याला 150 मिनिटं व्हायलाच हवं, पण त्याने मांडीत ताकद येत नाही. ओट्याशी दूध तापेपर्यंत टाचा उचलून पंधरा वेळा वर-खाली व्हा, मग एका बोटाने ओट्याचा आधार घेऊन एका पायावर दहा सेकंद उभं राहा. पावलाची घासण यानेच जाते.

आता पाठ. कुर्ता किंवा शर्ट मागून वर चढतो आणि पुढून लोंबतो, तेव्हा शिंप्याला दोष देण्याआधी भिंतीला पाठ लावून पाहा. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे, कुल्ले आणि खांद्यांची हाडं टेकलेली. हनुवटी वर न करता डोक्याचा मागचा भाग टेकतो का? टेकत नसेल तर मधे टॉवेलची घडी ठेवा, हनुवटी आत घेऊन घडी मागे दाबा, पाच सेकंद धरा, असं दहा वेळा करा. सवयीचं पोक यानं उतरतं. पण तरुणपणापेक्षा उंची 4 सेंटिमीटर किंवा जास्त घटली असेल तर मणका दबल्याची शंका घ्यावी, एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यावी. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे 2.5 किंवा त्याहून खाली आला तर हाडं ठिसूळ. अशा माणसाने बोटांनी पाय धरणारी, पुढे वाकायची आसनं करू नयेत. मणका दबण्याचा धोका पुढे वाकताना जास्त.

व्यायामाला माल लागतो आणि इथे आपलं इंदुरी ताट तोकडं पडतं. सकाळी पोहे-शेव, वर जीरावन मसाला. दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण. संध्याकाळी चहाबरोबर पुन्हा शेवच. रात्री खिचडी. सगळं मिळून प्रथिनं 30-35 ग्रॅमच्या पुढे जात नाहीत, आणि या वयात वजनाच्या दर किलोला 1 ते 1.2 ग्रॅम लागतात. म्हणजे 60 किलोच्या बाईला 60 ग्रॅम तरी. ताट बदलायची गरज नाही. पोह्यांवर शेवेच्या जोडीला मोड आलेल्या मटकीची घट्ट वाटीभर उसळ घाला, 7 ग्रॅम मिळाले. दुपारी 50 ग्रॅम पनीर, 9 ग्रॅम. संध्याकाळी 40 ग्रॅम फुटाणे, 8 ग्रॅम. रात्री पेलाभर दूध, 6-7 ग्रॅम. हिशेब जमला. उसळ पोहे इंदूरलाच मिळतात असं नाही, पण निदान इंदूरकरांना तरी ते समजावून सांगावे लागू नयेत. किडनीचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

फुटाणे म्हटले की समोरचा हळूच गालावर हात ठेवतो. खरी गोम तिथेच आहे. दाढा गेल्या की माणूस आधी फुटाणे सोडतो, मग भाकरी, मग कच्ची काकडी, आणि शेवटी वरणभात-चहा-बिस्किटांवर येतो. प्रथिनं घटतात, मांड्या बारीक होतात. तिकडे दात नसलेलं जबड्याचं हाड झिजत जातं, ओठ आत ओढले जातात, हनुवटी नाकाकडे चढते. बसलेल्या गालांना क्रीम भरून काढत नाही, कवळी किंवा बसवलेले दात भरून काढतात. कवळी आहे पण ढिली म्हणून डबीत ठेवलेली असेल, तर ती फेकायची नसते. हाड झिजल्यामुळे ती सैल होते, दंतवैद्य आतून नवा थर देऊन ती पुन्हा घट्ट बसवतात. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळतं पाणी घातलं तर वाकडी होते. तोवर फुटाण्यांऐवजी त्यांचं पीठ ताकात कालवून प्या.

जाता जाता एक: बोटांच्या सांध्यांवर अचानक काळपटपणा आला तर बी12 जीवनसत्त्व तपासा. शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी असण्याचा संभव जास्त. मानेवरची काळी, मखमली लागणारी कातडी हा मळ नसतो, घासू नका, साखर तपासा.

आता लावायचं काय. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर ऊन सुरकुत्यांच्या आधी वांग आणि डाग आणतं. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, जूनच्या आणि जुलैच्या सुरुवातीला, थेट डोक्यावर येतो. एसपीएफ 30 चं सनस्क्रीन घ्या, आणि त्यावर यूव्हीए (काचेतूनही येणारे, डाग पाडणारे किरण) पासूनही संरक्षण असं लिहिलेलं हवं. तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांच्या लांबीवर दोन रेघा, एवढं चेहऱ्याला आणि मानेला. बहुतेक जण वाटाण्याएवढं लावतात आणि काही फरक पडत नाही म्हणतात. उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. वांग आधीच असेल तर रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण वांग साध्या उजेडानेही गडद होतो. खिडकीशी बसून पेपर वाचणाऱ्यांनीही लावावं. काचेतून डाग पाडणारे किरण येतात, ड जीवनसत्त्व बनवणारे मात्र जवळपास येतच नाहीत.

रोज उटणं किंवा बेसन लावून चेहरा घासणं साठीनंतर बंद करा, दिवाळीच्या दिवशी ठीक. त्वचेतलं तेल या वयात कमी झालेलंच असतं, बेसन उरलेलंही ओढून घेतं. अंघोळ कोमट पाण्याची, साबण काखा-जांघा-पावलांपुरता. अंग ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांत, पेट्रोलियम जेली किंवा साधं मॉइश्चरायझर. हिवाळ्यात नडग्यांना सुटणारी खाज बहुतेक वेळा एवढ्यानेच थांबते.

आणि दुकानदाराने दिलेली "गोरं करणारी" ट्यूब. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. दोन-तीन आठवडे चेहरा खरोखर उजळतो, लग्न छान पार पडतं. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, बारीक लव वाढते, आणि बंद केलं की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. लागलेली सवय एकदम तोडू नका, त्वचारोगतज्ज्ञ ती टप्प्याटप्प्याने सोडवतात.

केसांच्या गोळ्या घेत असाल तर त्यांत बहुधा बायोटिन हे जीवनसत्त्व असतं. रक्ततपासणीला जाताना ते सांगा, थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

डायचं शेवटी सांगतो, कारण लोक तो शेवटच्या दिवशी लावतात. काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. "काळी मेंदी" म्हणून मिळते तिच्यातही बहुधा तेच, कारण निव्वळ मेंदीचा रंग नारिंगी-तांबूसच येतो. वीस वर्षं सोसलेला डाय एकविसाव्या वर्षी सोसेनासा होतो, तेव्हा कपाळ आणि पापण्या सुजून डोळे मिटतात. डबीतलं थोडं कानामागे लावून 48 तास पाहा, दर वेळी. लग्न रविवारी असेल तर ही चाचणी निदान आदल्या सोमवारी, आणि डाय गुरुवारी. मधे खाज आली तर रंगवायचे नाहीत, पांढरे केस नीट कापून घ्यायचे.