खेटा, पण पोहाळ्याच्या अंगानं

माघ पौर्णिमा झाली की कोल्हापुरातला रविवार उजाडायच्या आधीच सुरू होतो. पहाटे पंचगंगेवर अंघोळ, मग शिवाजी पूल ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखावरून जोतिबाच्या डोंगरावर. असे पाच रविवार. यालाच आपल्याकडं खेटे म्हणतात. रत्नासुराला मारून जोतिबा परत केदारनाथाकडं निघाला, तेव्हा अंबाबाई अनवाणी डोंगरापर्यंत गेली आणि त्याला थांबवून घेतलं, अशी कथा. तिचीच चाल आपण चालायची.

यंदा एका रविवारी आमच्या दाजींनी कुशिऱ्यातच गर्दी सोडायचं ठरवलं. दाजी पन्हाळा तालुक्यातले, गुरांमागं वाढलेले. "गायमुखाची वाट काय, डोळं झाकून बी गावतीया. पोहाळ्याच्या लेण्यांवरनं वर जाऊया," म्हणाले. बरोबरच्या आत्तीला हे अजिबात पटलं नाही. ती बायकांच्या घोळक्याबरोबर 'चांगभलं' म्हणत नेहमीच्या वाटेनं गेली, आम्ही दोघं पोहाळ्याकडं वळलो. मागं वडणग्यापासून नाकात बसलेला गुऱ्हाळाचा गोडसर वास होता, पुढं नुसता अंधार.

लेण्यांशी पोचेपर्यंत फटफटलं. खेट्याला जाणाऱ्या शंभरातल्या नव्वदांनी ही लेणी पाहिली नसतील, असं मी पैजेवर सांगतो. डोंगराच्या पूर्व अंगाला, काळ्या कातळात कोरलेली बौद्ध लेणी. आत मोठा मंडप, खांब आणि भोवतीनं भिक्षूंच्या खोल्या. खोल्या इतक्या लहान की आडवं झालं की संपली. पावसाळ्यात भिक्षूंनी भटकायचं नाही, एका जागी राहायचं, हा त्यांचा नियम. दाजींना नियमाशी देणंघेणं नव्हतं. ते म्हणाले, "चार महिनं माणूस ऱ्हायाचा म्हंजे पाणी जवळ पायजे आणि भिक्षा मागाय खाली गाव पायजे. मग वाट असणारच की." हिशेब बिनतोड होता. फक्त त्यातून खाली जाणारी वाट सिद्ध होत होती. वर जाणारी आम्हाला शोधायची होती.

हा डोंगर म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. एक उभा कडा, मग थोडा सपाट पट्टा, पुन्हा कडा. खालून बघितलं तर सगळीकडून चढता येईल असं वाटतं आणि जवळ गेलं की कातळ आडवा येतो. त्यामुळं सरळ वर घुसण्यात अर्थ नाही. पट्ट्यावरून आडवं चालत राहायचं आणि कडा कुठं फुटलाय ते बघायचं. ही जागा गुरांना माणसांपेक्षा आधी कळते. दाजींचा नियम साधा: म्हशीची वाट धरायची, शेरडाची नाही. शेरडू कुठंही चढतं. म्हैस अंगानं जड, ती वळसे घेत, पाय नीट ठरेल तिथूनच जाते. शेण ताजं दिसलं की वाट चालती आहे. नुसत्या लेंड्या दिसल्या की थांबायचं.

एका ठिकाणी ढोरवाटेला दोन फाटे फुटले. डावा फाटा घळीत शिरत होता. सावली, झाडी, बघूनच बरं वाटावं असा. तेवढ्यात गुरं घेऊन वर निघालेले एक म्हातारबाबा भेटले. आमच्या कपाळावरचा गुलाल बघून त्यांना काय समजायचं ते समजलं. "घळीत शिरू नगासा. फुडं करवंदीची जाळी हाय नि वर कडा. सोंडंवरनं जावा." सोंड म्हणजे डोंगराची खाली उतरत आलेली धार. तिच्यावर सावलीचं झाड नाही, पूर्वेची बाजू म्हणून ऊन पाठीवर, आणि वाळलेलं गवत पायाखालून सरकतं. कुसळं पायजम्यात शिरली ती घरी आल्यावरही निघत होती. अनवाणी यायचा माझा विचार होता, तो दाजींनी कुशिऱ्यातच हाणून पाडला होता. देव त्यांचं भलं करो.

वरचा कडा जिथं फुटला होता तिथं सुट्या दगडांची चढण होती. हाताला धरायला घाणेरीची झुडपं, ती उपटून येतात. एकानं चढायचं, दुसऱ्यानं बाजूला थांबायचं, कारण सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात जातो. एवढा तुकडा संपला की माथा.

या वाटेनं आलं की वाडी रत्नागिरी, म्हणजे डोंगरावरचं जोतिबाचं गाव, मागच्या दारानं भेटते. आधी कचरा, मग घरांच्या पाठी, मग एकदम शिखर. पश्चिमेला पन्हाळा समोर उभा. देवळात रांग होतीच. राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेल्या या देवळाचा काळा दगड गुलालानं असा माखलेला असतो की मूळ रंग शोधावा लागतो. अजून चैत्र यायचा आहे. तेव्हाच्या यात्रेत सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या निशाणाच्या उंच काठ्या, नाचायला लागल्या की गुलालात माणसंही ओळखू येत नाहीत.

आत्ती आमच्या आधी पोचून दर्शन करून, दवणा घेऊन बसली होती. भाकरी आणि खर्डा सोडताना तिनं निकाल दिला, "ह्यो तुमचा ट्रेक झाला. खेटा न्हवं."

"आत्ती, अंबाबाई आली तवा तिला गायमुखाची वाट कुणी आखून दिल्ती?" दाजींनी विचारलं.

"पावणं, ती देवी हाय. तुमचा पाय घसरला तर माझ्या भाचीला मी काय सांगू?"

दाजींनी भाकरीचा मोठा घास घेतला.

उतरायला मात्र गायमुखच धरलं. वाळल्या गवतावरून चढता येतं, उतरताना ते दगा देतं. कुणाला या बाजूनं जायचंच असेल तर पोहाळ्यातलं कुणीतरी बरोबर घ्या आणि खिशातली काडेपेटी घरी ठेवा. त्या दिवसांत एका बिडीनं अख्खी सोंड पेटते, आणि म्हातारबाबांच्या म्हशींचा वर्षाचा चारा त्यात जातो.

निगव्यापर्यंत आत्ती काही बोलली नाही. मग हळूच मला म्हणाली, "ती लेणी म्हंतासा ती दाव एकदा. पर गाडीनं."