झिंगलेला घेवडा

रविवार, रात्रीचे साडेदहा. मॉन्तेरे, मेक्सिको.

दोनदा साबण लावला तरी हाताचा धुराचा वास जात नाही. बेकनचा, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचा असेल, नाहीतर खालच्या अंगणातल्या कोळशाचा. रविवारी दुपारी या शहरात कुठेही उभं राहा, कुणाच्या ना कुणाच्या शेगडीचा धूर अंगावर येतोच. पुरुष मांस भाजत उभे, हातात बिअर, आणि बाजूला मंद आचेवर घेवड्याचं पातेलं. फ्रिहोलेस बोराचोस. शब्दशः, दारू प्यायलेला घेवडा.

मागच्या रविवारी ते पातेलं माझ्याकडे आलं होतं आणि मी माती खाल्ली होती. लिहायचं टाळलं होतं, आज लिहून टाकते.

कोरेगावची मुलगी मी, घेवडा शिजवायला मला कोण शिकवणार? रात्री भिजवला, सकाळी घेवडा, टोमॅटो, बेकन आणि बिअर सगळं एकदम कुकरमध्ये लोटलं. बिअरही साधी नाही, चांगली महागातली, कडवट. पहिल्या शिट्टीलाच तपकिरी फेस उसळून ओट्यावरून खाली जमिनीपर्यंत गेला. सहा शिट्ट्यांनंतर उघडलं तर सालं आक्रसलेली आणि दाणा दाताखाली कडक. आणखी चार दिल्या. फरक शून्य, आणि रस्सा आटून काढ्यासारखा कडू झालेला. खाली सगळ्यांनी सभ्यपणे तोर्तियाच, म्हणजे इथल्या पोळ्याच, जास्त खाल्ल्या. घरमालकीणबाईंच्या सहा वर्षांच्या नातवाने एकेक दाणा ताटाच्या कडेला ओळीने मांडून ठेवला. मी मोजले नाहीत, पण ओळ लांब होती.

आज सकाळी आठला त्याच घरमालकीणबाई मातीचं मडकं घेऊन वर आल्या. मी त्यांना दोन्या म्हणते, इथे वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात. त्या मला मिहा म्हणतात, म्हणजे आपलं ‘बाळा’. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, ‘उपाशीपोटी कुणाला पाजायची नसते, मिहा.’ मला वाटलं, मला म्हणतायत. घेवड्याबद्दल बोलत होत्या.

अर्धा किलो पिंटो घेवडा टेबलावर पसरला आणि आम्ही समोरासमोर बसून निवडायला लागलो. खडे, सुरकुतलेले दाणे, फुटके दाणे. आईचा फोन आला (तिकडे संध्याकाळचे साडेसात), तो बरणीला टेकवून ठेवला. तिला पडद्यावर दाणे दिसले मात्र, ‘अगं, हा तर वाघ्या!’

नाही, आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा नाही. पण दिसतो खरा तसाच, फिक्या अंगावर तांबूस रेघा आणि ठिपके. आपण रेघा बघून त्याला वाघ्या म्हटलं, यांनी ठिपके बघून पिंटो. स्पॅनिशमध्ये ठिपकेदार घोडाही पिंटोच. आमच्या वाघ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय हे मी दोन्यांना मोडक्या स्पॅनिशमध्ये अभिमानाने सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, म्हणजे आमचा घेवडा तिकडे नीट सांभाळलाय तुम्ही. यावर काय बोलणार? घेवडा मूळचा इकडचाच. त्याच्या आमटीतली मिरचीही इकडची. वर आई कूट घालते तो भुईमूगही अमेरिकेतलाच, दक्षिणेकडचा.

दोन्या भिजवत नाहीत. नुसतं पाणी, अर्धा कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या, मडक्यावर झाकण. पाणी कमी झालं की उकळतंच घालायचं, गार नाही. दोन तास झाले, सव्वादोन झाले. मी तिसऱ्यांदा दाणा चिमटीत धरायला गेले तेव्हा त्यांनी हातावर चापट मारली आणि चमचाभर दाणे काढून माझ्यासमोर धरले. ‘फुंकर मार.’ मारली. सालं कागदासारखी सुटून वळली. ‘आता पाज.’

बिअर आंबट असते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. कडू म्हणून ठाऊक होती, फेसाळ म्हणून ठाऊक होती. पण असते ती आंबट, आणि टोमॅटो तर आंबट असतोच. आंबट लागलं की दाण्याला धरून ठेवणारं पेक्टिन घट्ट राहतं, सुटत नाही, मग कितीही शिट्ट्या द्या. डाळ शिजल्याशिवाय चिंच घालू नकोस, हे आईने मला किती वर्षं सांगितलं असेल! इतकी वर्षं ते पाळत आले आणि बाटलीवर चिंचेचं चित्र नव्हतं म्हणून फसले.

बेकनचं काम दोन्यांनी माझ्यावर सोपवलं. कढई गारच असताना तुकडे टाकायचे आणि आच लहान ठेवायची, म्हणजे चरबी आधी वितळते आणि तुकडे मग आपल्याच तुपात खरपूस होतात. त्यात कांदा, सेरानो मिरच्या, टोमॅटो. नेमका तेव्हाच झोपण्यापूर्वीचा आईचा दुसरा फोन. ‘काय तळतेयस?’ ‘बेकन.’ ‘म्हणजे?’ मी कॅमेरा खिडकीतून सेर्रो दे ला सियाकडे वळवला. डोंगर छान दिसत होता, खोगिरासारखा. आमच्या घरात बकरा, कोंबडी चालते, पण त्यापुढे नाही, आणि सकाळी सकाळी तो विषय मला काढायचा नव्हता.

बिअर कोपऱ्यावरच्या दुकानातली, कार्ता ब्लांका. हलकी, कडवटपणा बेताचा. 1890 मध्ये याच शहरात निघालेल्या ब्रुअरीची ही जुनी बिअर, त्यामुळे इथल्या घेवड्याला दुसरी कुठली घालणं दोन्यांना अधर्म वाटतो. मोठ्या बाटलीला इथे कागुआमा म्हणतात, म्हणजे समुद्री कासव. त्यातली कपभर कढईत ओतली, फेस बसू दिला, तळाला चिकटलेलं सगळं कालथ्याने खरवडून घेतलं. पाच-सात मिनिटांनी कढई मडक्यात रिकामी केली. मीठ, मूठभर कोथिंबीर, वर अर्धा तास मंद आच. मुलांसाठी बेकन-टोमॅटो घालून पण बिअर न घालता एक पातेली वेगळी केली होती. बिअर नसेल तर त्याचं नावही बदलतं, चारोस म्हणतात, घोडेस्वारांचा घेवडा. उरलेलं कासव दोन्यांनी आणि मी दोन पेल्यांत वाटून घेतलं. तोवर मी पोहे खाल्ले होते, हे त्यांनी विचारून घेतलं.

आणि चव? बिअरची म्हणून वेगळी लागत नाही. रस्सा दाटसर, धुरकट, मागून किंचित गोडसर कडू. माझी चूक काढायचीच तर मीठ जरा पुढे गेलं, बेकनचं मीठ मी धरलंच नव्हतं. दोन्या चवीला एक घोट घेऊन गप्प राहिल्या आणि अर्ध्या लिंबाऐवजी उकळतं पाणी डावभर ओतलं. खाली मडकं पुसून गेलं. नातवाने ओळ मांडली नाही. एक दाणा मात्र उचलून, डोळ्यांसमोर धरून, फुंकर मारून बघितला.

आता झोपायला हवं. आईचा आवाजी निरोप येऊन पडलाय, तिकडे सकाळचे दहा वाजलेत. एक मिनिट चौदा सेकंदांचा आहे. बहुतेक शेजारच्या काकूंना विचारलंय तिने, बेकन म्हणजे काय ते. उद्या ऐकते.