बाटली नं. ५: वयाने म्हातारी, चवीला तरुण

मंडळी, खूप दिवसांनी अपडेट. दोन वर्षं काही लिहिलं नाही कारण नं. ४ ने जो पोपट केला होता त्यानंतर उत्साहच गेला होता. पण गेल्या शनिवारी नं. ५ उघडली आणि वाईन किती वर्षं ठेवावी ह्यावरचं माझं २०२० सालचं सगळं पांडित्य एका घोटात पाण्यात गेलं.

नवीन लोकांसाठी दोन ओळीत: फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या सेंत एमिलियाँ गावची २०१० ची वाईन, ८० टक्के मर्लो, बाकी कॅबर्ने फ्राँ (दोन्ही काळ्या द्राक्षांच्या जाती). २०१४ ला बोर्दोला ताईकडे गेलो होतो तेव्हा त्या गावातल्याच एका दुकानातून सहा बाटल्या घेतल्या, चुनखडीच्या जुन्या खाणीत तळघर असलेलं दुकान, आत शिरलं की ऑक्टोबरमध्ये पण स्वेटर घालावासा वाटतो. सहाच्या सहा एकाच खोक्यातल्या. माणशी दोन लिटरच ड्युटी फ्री आणता येतं म्हणून दोन-दोन करत आल्या. पहिली जोडी माझ्यासोबत डिसेंबर २०१४, दुसरी ताई आली तेव्हा मे २०१६, तिसरी भाच्याबरोबर डिसेंबर २०१८. प्लॅन साधा होता, दोन-अडीच वर्षांनी एक उघडायची आणि मर्लो कशी म्हातारी होते ते वहीत लिहायचं.

आधीच्या नोंदी थोडक्यात. नं. १ (२०१५): रंग म्हणजे पांढऱ्या शर्टावर पडलेला जांभळाचा डाग, वास पण जांभूळ-करवंद आणि वर पिंपाच्या लाकडाची व्हॅनिला, पण जिभेवर नुसता काथ, पानवाल्याने हात सैल सोडल्यासारखा. मर्लो म्हणजे मऊ, लोण्यासारखी असं जे सांगतात ते २०१० ला लागू नाही, त्या वर्षी बोर्दोत पाऊस कमी आणि रात्री थंड, त्यामुळे टॅनिन (तोच काथासारखा तुरटपणा) पण भरपूर आणि आंबटपणा पण भरपूर. नं. २ (डिसेंबर २०१७): मुकी. वास नाही, फळ नाही, दार लावून बसलेली. ह्या ग्रुपवरच्या जुन्याजाणत्यांनी सांगितलं की ही फेज असते, थांब. थांबलो.

नं. ३ (दिवाळी २०२०) ला मी तो लांबलचक लेख लिहिला होता, "ही मर्लो उतरली" वगैरे. कडेचा रंग चहासारखा, वास मनुका, काळं खजूर, गुळाचा पाक थोडा जास्त शिजल्यावर येतो तसा, आणि घोटाच्या शेवटी काही नाही, सपाट. त्यावरून मी ठोकून दिलं होतं की मर्लो हे लवकर पिकणारं, पातळ सालीचं द्राक्ष असल्यामुळे तिची वाईन दहा वर्षांपलीकडे ओढू नका, ज्यांना वीस वर्षं ठेवायचीये त्यांनी कॅबर्ने घ्यावी. शेजारच्या पोमरोल गावातल्यांनी हे वाचलं असतं तर हसून मेले असते, तिथली पेट्रूस ही वाईन जवळजवळ पूर्ण मर्लोच असते आणि ती लोक नातवंडांसाठी ठेवतात. (भाव बघून आपण लांबूनच नमस्कार करायचा.)

नं. ४ (२०२२) बुचाचा रोग, म्हणजे खराब बुचामुळे वाईनला कुबट वास. भिजलेला पुठ्ठा, बंद कपाटातली वर्तमानपत्रं. क्लिंग फिल्मचा (अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकचा) गोळा टाकून बघायची आयडिया इथूनच मिळाली होती, ती केली, वास खरंच कमी झाला पण वाईनमध्ये जे काय होतं ते पण त्याच्यासोबत गेलं. उरलेली मटणात घातली, आई म्हणाली रस्सा आंबट लागतोय.

आता नं. ५. दोन दिवस उभी ठेवली, गाळ खाली बसायला. बूच काढायला दोन पात्यांचं ओपनर वापरलं, आह-सो म्हणतात ते, आणि इथे परत एकदा सांगतो की दहा वर्षांवरच्या बुचाला ते बॅटरीवालं इलेक्ट्रिक ओपनर लावू नका, गिफ्टमध्ये आलं असेल तर दुसऱ्याला गिफ्ट द्या. ह्याची दोन पाती बुचाच्या कडेने हळू हळू डुलवत घालायची, एक लांब पातं आधी, मग पिळत वर. बूच अख्खं आलं, खालचे तीन-चार मिलीमीटर फक्त रंगलेले, बाकी कोरं. बाटलीच्या मानेखाली मोबाईलचा टॉर्च लावून मलमलच्या फडक्यातून ओतली, काळा गाळ मानेपाशी आला की थांबलो. चहाची गाळणी वापरू नका, बारीक गाळ सगळा खाली येतो.

पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला. मध्ये अजून गडद लाल, कडेला कौलाचा रंग, पण चमक आहे, मळकट नाही. पहिला वास घेतला आणि मला आलं उकडलेलं मक्याचं कणीस! म्हणलं गेली ही पण. मग आठवलं, डायमिथाइल सल्फाइड नावाचं गंधकाचं रसायन. बोर्दो जुनी होताना ते बाटलीत तयार होतं, जास्त असलं तर मका, आणि थोडं असलं तर तेच ट्रफलसारखं (चॉकलेट नव्हे, जमिनीखालची अळंबी), ओल्या पाचोळ्यासारखं वाटतं. पेल्यात फिरवून पंधरा-वीस मिनिटं ठेवली तर मका उडून गेला आणि मागून जे आलं ते अजून नाकात आहे. ताम्हिणीत जुलैमध्ये झाडीत शिरल्यावर पायाखालून येतो तो वास, अळंबी, नव्या कोल्हापुरीचं चामडं, पेन्सिलीला टोक काढल्यावरचा भुसा, आणि ह्या सगळ्याच्या खाली, हे महत्त्वाचं, अजून फळ आहे. ताजं जांभूळ नाही, आलुबुखार आणि थोडं आमसूल. शेवटी पुदिन्याचा बारीक गारवा. तोंडात काथ पार विरघळलेला, टॅनिनच्या साखळ्या रंगद्रव्यांना धरून मोठ्या होतात आणि गाळात बसतात असं वाचलेलं असतं, ते जिभेला इतकं स्पष्ट पहिल्यांदा कळलं. तासाभराने सगळ्यात छान होती, दोन तासांनी थोडी थकली. बायकोने थालीपीठ-लोणी केलं होतं, त्याच्याशी इतकी जमली की आमचं चीज तसंच राहिलं.

हे सगळं झाल्यावर मी खूश व्हायला पाहिजे होतं. झालो पण. पण रात्री वही काढली आणि डोकं फिरलं. २०२० ला उतरलेली वाईन २०२५ ला चढेल कशी? एकच खोकं, एकच लॉट!

तीन दिवस ह्याच्यातच गेलेत. पहिला संशय अर्थातच माझ्या जुन्या कूलरवर. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, मी आधी बारा बाटल्यांचा तो पेल्टियरवाला (कॉम्प्रेसर नसलेला, विजेच्या चकतीने गार करणारा) घेतला होता, आवाज नाही, कंप नाही, स्वस्त. फक्त तो बाहेरच्या तापमानापेक्षा पंधरा-वीस अंशच खाली नेऊ शकतो, हे बॉक्सवर कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे १४ वर सेट केलं तरी पुण्याच्या मेमध्ये आत २० दिसायचं, लाईट गेली की २४. २०१८ चा उन्हाळा संपल्यावर कॉम्प्रेसरवाला घेतला आणि तेव्हापासून १३ म्हणजे १३. इथे महाराष्ट्रात राहून ज्यांना पाच वर्षांच्या वर काही ठेवायचंय त्यांनी कॉम्प्रेसरच घ्या, थोडी घरघर सहन करा.

तर थिअरी अशी की नं. ३ पेल्टियरमध्ये तीन उन्हाळे होती (१६, १७, १८) म्हणून शिजली, आणि नं. ५ तोवर ताईच्या इमारतीच्या तळघरात होती म्हणून वाचली. मस्त जमलं, झोपायला गेलो. आणि अंथरुणात पडल्यावर नं. २ आठवली. ती पण पेल्टियरमध्ये तीन उन्हाळे होती! १५, १६, १७. आणि ती मुकी होती, शिजलेली अजिबात नव्हती, वहीत स्पष्ट लिहिलंय "आंबटपणा धारदार". म्हणजे पेल्टियर थोडा गुन्हेगार असेल पण खुनी नाही.

दुसरा संशय बुचावर. बूच ही झाडाची साल आहे, प्रत्येक वेगळं, एकातून हवा जास्त जाते दुसऱ्यातून कमी, असं म्हणून विषय संपवता आला असता, आणि बहुतेक लोक तिथेच संपवतात. पण वहीत नं. ३ च्या पानावर समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं: "कॅप्सूल फिरेना, चाकूने खरवडली, बुचावर चिकट काळं." (कॅप्सूल म्हणजे बाटलीच्या तोंडावर, बुचाला झाकणारं पातळ वेष्टण.) त्यावेळी मी हे लिहिलं आणि त्याचा काहीच विचार केला नाही, गाढव. वाईन तापली की फुगते, बुचाखाली हवेला जागा जेमतेम काही मिली, मग ती बुचाला वर ढकलते नाहीतर कडेने पाझरते, आणि कॅप्सूलखाली वाळून बसते. म्हणून तर लिलावात जुनी बाटली घेताना लोक आधी कॅप्सूल फिरवून बघतात.

नं. ५ ची कॅप्सूल गोल फिरत होती. उठलो, रात्री दीड वाजता कूलरमधून नं. ६ काढली, अंगठ्याने पिळून बघितली. घट्ट. हलेना. बाटलीच्या मानेला ताईने बांधलेला लाल दोरा, म्हणजे मे २०१६ ची जोडी. नं. ३ ला पण लाल दोराच होता.

सकाळी ताईला फोन लावला.

"ताई, २०१६ ला तू बाटल्या आणल्यास तेव्हा त्या कुठे उन्हात राहिल्या होत्या का गं?"

"माझ्याकडे कशाला राहतील? बॅगेत होत्या. एअरपोर्टवर तूच तर आला होतास घ्यायला."

"हो, पण मग सरळ घरीच आलो ना."

"सरळ? अरे पनवेलला मावशीकडे आमरस खायला थांबलो नव्हतो का? तू तर जेवून झोपलास चांगला दोन तास."

मी गप्प. पांढरी गाडी असती तर एक वेळ, माझी तेव्हाची गाडी काळी होती. मे महिना, पनवेल, दुपारी एक ते चार, सोसायटीबाहेर रस्त्यावर, डिकीत बाटल्या. अशा उन्हात बंद गाडीत आतलं तापमान पन्नासच्या पुढे सहज जातं. पाच वर्षं मी मर्लोला, पातळ सालीला, पेल्टियरला नावं ठेवत होतो आणि वाईन शिजवली मी स्वतः, आमरस खाऊन घोरत असताना.

मनुक्याचा वास पण आता जुळतो. बोर्दोच्याच संशोधकांनी शोधून ठेवलंय, वाईनचं वेळेआधी ऑक्सिडेशन झालं की सुक्या प्रूनचा वास देणारं एक रसायन वाढतं. म्हणजे नं. ३ च्या नोंदीत मी "दहा वर्षांची मर्लो" म्हणून जे वर्णन केलं ते वयाचं नव्हतंच, उष्णतेचं होतं. तो लेख कोणी सेव्ह केला असेल तर कृपया डिलीट करा. वयाची खरी नोंद नं. ५ आहे: फळ मागे सरकतं पण जात नाही, जंगल पुढे येतं.

पुढचा प्लॅन असा होता की नं. ६ दिवाळीपर्यंत ठेवायची आणि तेव्हा ग्रुपला बोलावून उघडायची. पण हे टाइप करता करता सुचलं, नं. ५ उघडल्या उघडल्या मी अर्धी वाईन ३७५ च्या रिकाम्या बाटलीत अगदी गळ्यापर्यंत भरून फ्रीजमध्ये ठेवलीये (ही सवय लावून घ्या, हवा राहिली नाही की तीन-चार दिवस आरामात टिकते, हवा हटवायला मारतात त्या आरगॉन वायूच्या नळकांड्यांवर पैसे घालायची गरज नाही). आज तिसरा दिवस. दिवाळीपर्यंत ती राहणार नाही. मग तुलना करायची तर आजच. शिजलीच असेल तर दिवाळीला तरी काय वेगळी लागणारे?

रात्री ११. उघडली. कॅप्सूल खरवडावी लागली, खाली तोच चिकट काळा थर, आणि बुचाच्या एका बाजूने वाईनचा काळपट ओघळ थेट वरपर्यंत गेलेला. आह-सोचं लांब पातं त्या बाजूला घातलं तर बूच निम्म्यात तुटलं, तुकडा आत, फडक्यातून गाळून घेतली. दोन सारखे पेले, शेजारी शेजारी. नं. ६ कडेला चक्क चहा, नं. ५ तीन दिवसांनंतरही कौल. वासात नं. ६ मनुका, पाक, थोडा व्हिनेगर. नं. ५ मधली अळंबी आता जरा दबली होती पण आमसूल होतं. नं. ३ इतकी वाईट नव्हती मात्र नं. ६, का ते माहीत नाही, कदाचित डिकीत ती खालच्या बाजूला असेल.

खात्री म्हणून बायकोला न सांगता दोन्ही पेले दिले. तिने दोन्हींचा घोट घेतला, विचार केला, आणि नं. ६ पुढे सरकवली. "ही चांगलीये, गोडसर आहे. ती दुसरी मातकट लागते."

आता मेमध्ये नाशिकच्या एकाच लॉटच्या दोन मर्लो घेतोय, एक कूलरमध्ये आणि एक डिकीत थर्मामीटर लावून, दुपारी तीन तास, मग जूनमध्ये तीन-तीन पेल्यांची ब्लाइंड चाचणी, म्हणजे कुठला पेला कुठला ते न सांगता. बूचवालीच शोधतोय, स्क्रूकॅपला पाझरायचं कळणार नाही. कोणाकडे काळी गाडी आहे का? माझी आता पांढरी आहे.