५०४ पुठ्ठे

माझ्याकडे दोनशे पानी एक जुनी वही आहे. तिच्या सतराव्या पानावर ९ × २८ = २५२ असं गणित आहे आणि त्याखाली वेगळ्या शाईत एक ओळ: ‘मोजले ५०४. कुठं चुकलो?’ अक्षर माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं. साल १९९६, आम्ही नववी ‘ब’मध्ये. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं तेव्हा गॅदरिंग आठवलं, सहल आठवली, पण लिहावंसं वाटलं ते या पानाबद्दल.

तेव्हा शनिवारी सकाळची शाळा असायची. अकराला सुटली की नववीच्या मुलांनी दीड तास थांबायचं. या तासाला अभ्यासक्रमात नाव नव्हतं, गुण नव्हते. आमच्या विज्ञानाच्या सरांनी वर्गातल्या वेळापत्रकावर खडूनं ‘स्वतःचा प्रश्न’ एवढंच लिहिलं होतं. दोघा-दोघांनी मिळून एक प्रश्न घ्यायचा, दिवाळीपासून मार्चपर्यंत त्याच्या मागं लागायचं, आणि जे काही घडेल ते वहीत लिहायचं. वहीतलं काही पुसायचं नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढं जायचं. खोडरबर सर स्वतःच्या टेबलावर जमा करून घेत.

प्रश्न मिळवणं हेच सगळ्यांत अवघड होतं. आम्ही दोघी पहिल्या शनिवारी ‘ध्वनिप्रदूषण’ घेऊन गेलो. सर म्हणाले, ‘‘हा पुस्तकाचा प्रश्न झाला. तुमचा कुठाय?’’ दुसऱ्या शनिवारी ‘सौर चूल’ नेली, तीही परत आली. तिसऱ्या आठवड्यात मला रडू फुटलं. घरी बाबांना म्हटलं, सर काही सांगतच नाहीत, नुसतं परत पाठवतात. आज मला वाटतं की त्या वर्षी सरांनी आमच्यासाठी केलेलं सगळ्यांत कष्टाचं काम हेच होतं. त्यांच्याकडे पन्नास विषय तयार असणार. ते न देता तीन शनिवार रिकामे जाऊ द्यायला फार धीर लागतो. स्वतःची मुलं वाढवताना मला तो कितीदा राहिला नाही.

प्रश्न सापडला तो पूर्व भागात, मैत्रिणीच्या घरी. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं लहानपण गेलं त्यांना सांगायला नको. खाली यंत्रमाग, वर घर. दिवसभर खट्‌खट्‌ चालू. लाईट गेली की माग थांबायचे आणि त्या शांततेनं तान्ही बाळं जागी व्हायची. मैत्रिणीचं घर तेलुगू बोलणारं, वडिलांना ती ‘नायना’ म्हणायची, म्हणून मीही नायनाच म्हणायची. त्यांचे चार माग होते आणि त्यांतल्या दोनांवर ते स्वतः उभे राहायचे. एका रात्री मी तिच्याकडे झोपायला होते. डिसेंबरातली थंडी, अंगावर त्यांच्याच मागावरची लाल-पांढरी चादर, तिच्यावर मोरांची रांग. अंधारात त्या मोरावरून बोट फिरवत मैत्रीण म्हणाली, ‘‘मागाला कसं कळतं गं, मोराचा डोळा कुठं काढायचा ते?’’

शनिवारी हा प्रश्न सरांना सांगितला. ते काही बोलले नाहीत, वहीवर तारीख टाकून सही केली.

आता मागाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी कित्येकांनी चादरी पांघरल्या, विकल्या, पाहुण्यांना आहेर केल्या, पण वरच्या सांगाड्याकडे मान वर करून पाहिलेलं नसतं. मागाच्या डोक्यावर जे यंत्र बसवलेलं असतं ते जेकार्ड. भोकं पाडलेले पुठ्ठे एकमेकांना दोऱ्यानं बांधून केलेली लांब माळ त्यावरून फिरत असते. प्रत्येक वेळी एक पुठ्ठा सुयांच्या रांगेवर येऊन दाबला जातो. जिथं भोक असेल तिथं सुई आत शिरते, तिचा हूक जागेवर राहतो आणि पट्टी वर जाताना त्याला उचलून नेते, त्याबरोबर ताण्याचा उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते, हूक पट्टीवरून सरकतो आणि धागा खालीच राहतो. उचललेल्या आणि न उचललेल्या धाग्यांच्या मधून आडवा धागा घेऊन धोटा धावतो. पुठ्ठा बदलला की दुसरे धागे उचलले जातात. भोक म्हणजे वर, भोक नाही म्हणजे खाली. मोराचा डोळा हा असा वर-खालीचा हिशेब आहे.

हे वाचायला चार ओळी लागल्या. आम्हाला कळायला दीड महिना लागला. माग चालू असताना काही दिसत नाही, सगळं नुसतं थरथरतं. बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून नायना हातांनी खुणा करून सांगायचे. बंद मागाजवळ बसायचं तर लाईट जायची वाट बघावी लागे. त्या हिवाळ्यात लाईट गेली की सगळी गल्ली करवादायची आणि आम्ही दोघी टॉर्च घेऊन जिना उतरायचो. ‘‘काय मोजालाव गं पोरींनो?’’ नायनांच्या आईंचा आवाज वरून यायचा. पुठ्ठ्यात भोकं का, हे नायनांनाही कधी कोणी सांगितलं नव्हतं. कोणतं भोक बुजलं की कापडात कुठं दोष येतो ते मात्र ते डोळे मिटून सांगत. त्यांनी आम्हाला शिकवलं आणि आम्ही विचारत राहिलो म्हणून तेही पुन्हा सगळं निरखून बघायला लागले. एकदा रात्री अकराला त्यांनी मैत्रिणीला उठवून नवीन सापडलेली गोष्ट दाखवली होती.

आमचा हिशेब असा होता. मोराची उंची ९ इंच. नायनांकडे धागे मोजायचं एक इंची भिंग होतं, त्यातून टाचणीच्या टोकानं आडवे धागे मोजले, इंचाला २८. एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा, म्हणजे एका मोराला २५२ पुठ्ठे लागायला हवेत. मोर संपला की माळ पुन्हा पहिल्या पुठ्ठ्यावर यायची, म्हणजे माळेत तेवढेच पुठ्ठे असणार. लाईट गेल्यावर माळ मोजली. ५०४ भरले. पुन्हा मोजली. ५०४.

शनिवारी वही सरांपुढं ठेवली. त्यांनी पान वाचलं आणि ५०४ पुढं लाल शाईनं एक प्रश्नचिन्ह काढून वही परत दिली. मला त्यांचा राग आला होता. एवढा मोठा माणूस, विज्ञानाचा पदवीधर, एक शब्द सांगेल तर काय बिघडेल!

उत्तर मैत्रिणीच्या बोटाला सापडलं. घरात एक जुनी चादर होती, मधेच फाटलेली, तिची पायपुसणी करायची चालली होती. कात्रीनं मोर मधोमध कापला गेला आणि कापलेल्या कडेतून तिचं बोट सरळ आत गेलं. मोराच्या पोटात पोकळी होती! चादर दुहेरी होती. वर एक कापड, खाली एक कापड, दोन्ही एकाच वेळी विणलेली. जिथं नक्षीची कड येते तिथं ती एकमेकांत अदलाबदल करतात. वरचं खाली, खालचं वर. म्हणूनच समोरून लालावर पांढरा मोर आणि उलटी केली की पांढऱ्यावर लाल. आम्ही भिंगातून वरचेच २८ धागे मोजले होते. तेवढेच धागे मागच्या अंगाला होते आणि त्यांनाही पुठ्ठे लागत होते. मग धोट्याकडे नीट पाहिलं, तर एका बाजूची धोट्यांची पेटी वर-खाली होऊन धोटा बदलत होता. दोनदा लाल, दोनदा पांढरा, दोनदा लाल, दोनदा पांढरा. दोन महिने हे आमच्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

वहीत त्या दिवशी मैत्रिणीनं फक्त ‘चुकलो नव्हतो. अर्धंच मोजलं होतं.’ असं लिहिलंय.

पुष्कळ वर्षांनी, सर निवृत्त झाल्यावर भेटायला गेले होते तेव्हा विचारलं, सर, तुम्हाला ५०४ चं उत्तर माहीत होतं ना? ते म्हणाले, ‘‘नव्हतं. तुमची वही पाहिली आणि दुसऱ्या दिवशी रविवारी मी पण एका मागावर जाऊन बसलो होतो.’’

बाकीच्या जोड्यांचे प्रश्नही मला अजून तोंडपाठ आहेत. एका मुलाच्या आईचा कडक भाकरीचा घरगुती धंदा होता. ती भाकरी महिनाभर का टिकते हे बघायला त्यानं सराफाच्या तराजूवर रोज एकच भाकरी तोलली आणि वजनाचा आलेख काढला. पहिल्या काही दिवसांत रेघ उतरत गेली आणि मग आडवी झाली, म्हणजे तिच्यात जायला पाणीच उरलं नव्हतं. दोघांनी पत्र्याच्या खोलीचं आणि स्लॅबच्या खोलीचं तापमान मार्च महिनाभर दर दोन तासांनी घेतलं. दुपारी पत्रा तापतो हे कोणीही सांगेल, पण रात्री पत्रा लवकर निवतो आणि स्लॅब पहाटेपर्यंत ऊब धरून राहतो, हे त्यांनी आकड्यांत दाखवलं. एकाच्या घरचे काका सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पेलायचे. सात नंदीध्वजांतला प्रत्येक एवढा उंच, तरी माणूस तो कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालतो कसा, म्हणून त्यानं बांबूच्या टोकाला वजनं बांधून गच्चीवर प्रयोग केले. उंच काठी तोलायला लहान काठीपेक्षा सोपी जाते, कारण ती सावकाश कलते आणि सावरायला वेळ मिळतो, असं त्याला आढळलं. एका जोडीला मात्र काहीच मिळालं नाही. विहिरीच्या पाण्याची पातळी आणि वाऱ्याची दिशा यांचा संबंध असतो असं त्यांना वाटलं होतं, तो नव्हता. सरांनी त्यांना सगळ्यांइतकाच वेळ उभं करून बोलायला लावलं, आणि संबंध नाही हे तुम्ही कशावरून म्हणता, यावर सर्वांत जास्त प्रश्न विचारले.

आमचा जेकार्डचा नमुना चपलांच्या खोक्यांचा होता. सुयांच्या जागी सायकलचे आठ स्पोक, मागं रबरबँड, उचलायला फूटपट्टी, आणि कार्यालयातल्या पंचिंग मशीननं भोकं पाडलेले सोळा पुठ्ठे. त्यावर एक शंकरपाळ्याएवढी चौकट विणली जायची. शाळेत तो सगळ्यांना आवडला. बाहेरच्या एका प्रदर्शनात परीक्षकांनी त्याला हातही लावला नाही. ‘‘यात दिवे-बिवे काही पेटत नाहीत का? मार्गदर्शक कोण?’’ असं विचारून ते पुढं गेले. शेजारच्या टेबलावर शहरातून बनवून आणलेला धबधबा होता, त्याला बक्षीस मिळालं. ते दुःख आज उरलेलं नाही, पण तशी प्रदर्शनं आजही भरतात याचं वाईट वाटतं. माझ्या भाचीचा प्रकल्प मागच्या वर्षी दुकानातून आला. तयार चित्रं, तयार मजकूर, वर फक्त नाव घालायची जागा. तिचा काय दोष? तिला कोणी तीन शनिवार दिलेच नाहीत.

हे सगळं नवं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण द्यावं असं मांडलं, त्यात सूतकताई होती, विणकाम होतं. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून मुलांना आपल्याच परिसरातला प्रश्न घेऊन काम करायला सांगते. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना कृती संशोधन करावं लागतं. चौकटी आहेत. त्यांच्यात मुलाचा स्वतःचा प्रश्न येतो की पालकांचा, एवढंच बघायचं राहतं.

मी पुढं कॉमर्सला गेले, बँकेत लागले. मैत्रीण लग्न होऊन तेलंगणात गेली. मध्यंतरी कुठंतरी वाचलं की जोसेफ मारी जेकार्डनं हे यंत्र १८०४ साली फ्रान्समध्ये केलं, आणि पुढं त्याचंच एक रेशमी चित्र विणलं गेलं त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. चार्ल्स बॅबेजनं गणनयंत्राची कल्पना रचली तेव्हा त्यालाही हेच भोकांचे पुठ्ठे वापरायचे होते. रात्रीचे साडेदहा वाजले होते, तरी मी मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘चोवीस हजार! लाईट किती वेळा जायला पाहिजे मोजायला!’’ आणि दोघी बराच वेळ बोलत राहिलो.

नायना आता नाहीत. चारांपैकी दोन माग अजून चालतात, मैत्रिणीचा भाऊ बघतो. ती वही मी या महोत्सवानिमित्त शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. तिच्या शेवटच्या पानावर आम्ही लिहून ठेवलेला आणि न सोडवलेला एक प्रश्न आहे: एक अख्खी चादर विणून होईपर्यंत धोटा एकूण किती चालतो? किल्ल्यापासून कुठपर्यंत जाईल? नववीतल्या ज्या जोडीला हवा असेल तिनं तो घ्यावा, किंवा तो वाचून स्वतःचा काढावा, ते जास्त चांगलं. मैत्रिणीच्या भावाशी मी बोलून ठेवलं आहे, मुलांना मागाजवळ बसू द्यायला तो तयार आहे. मी सोलापुरातच असते आणि शनिवारी मला अर्धा दिवस काढता येतो. इंची भिंग माझ्याकडे आहे, ते घेऊन येईन.